कडाक्याच्या थंडीत टिकेल आणि अंडीही देईल अशी कोंबडीची जात कोणती?

हिवाळवाट

मंडळी, परसात आठ-दहा कोंबड्या पाळायचं ठरतंय. आमच्याकडे हिवाळा चांगला चार महिने मुक्काम ठोकतो. रात्री पारा शून्याखाली दहा-बारा अंशांवर जातो, दिवस एवढुसा असतो आणि ऊन नावापुरतंच. अंडी घरापुरतीच हवी आहेत, पण हिवाळ्यात अगदीच शुकशुकाट नको.

याद्या वाचून डोकं भणभणलं. जी जात बघावी ती 'काटक', 'शांत' आणि 'भरपूर अंडी देणारी'! सध्या ऱ्होड आयलंड रेड, ऑस्ट्रॅलॉर्प, वायनडॉट, ब्रह्मा आणि लेगहॉर्न ही नावं मनात आहेत. खुराडं लाकडी आहे, आत वीज नेता येईल. कोंबडा ठेवावा की नाही, हेही ठरलेलं नाही. अनुभवी लोकांनी बोलावं.

खुराडेकर

जातीचं नाव राहू द्या बाजूला, आधी पक्ष्याचा तुरा बघा.

कोंबडीच्या अंगावर पिसांचा कोट असतो. आतलं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि पिसं फुलवली की त्यात हवा अडकून ऊब टिकते. तुरा आणि गळ्याखालचे लोंबते कल्ले मात्र उघडे. उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्यांचाच उपयोग होतो. थंडीत तेच अंगलट येतं, कारण हिमदंश पहिल्यांदा तिथेच होतो. उंच, दातेरी, एकेरी तुऱ्याची टोकं आधी पांढुरकी-राखाडी होतात, काही दिवसांनी कोळशासारखी काळी पडून वाळतात आणि गळतात.

म्हणून थंडीसाठी तुरा जितका बसका तितका बरा. वायनडॉटचा गुलाब तुरा डोक्याला चिकटून असतो, वर बारीक दाणे आणि मागे एक टोक. ब्रह्मा, बकाय, अमेराकाना यांना वाटाणा तुरा, म्हणजे तीन बुटक्या ओळी, त्यात मधली जरा उंच. लेगहॉर्नचा तुरा या सगळ्यांच्या उलट. कोंबडीतही इतका मोठा की एका डोळ्यावर कलंडतो.

याबाबतीत सगळ्यात पद्धतशीर काम झालं ते कॅनडातल्या शांतेक्लेर जातीवर. क्युबेकमधल्या ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रेड शातलँ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात बांधायला घेतली. तिथल्या हिवाळ्यात तुरा-कल्ले गोठू नयेत आणि अंडी-मांस दोन्ही मिळावं, एवढाच हिशेब. डार्क कॉर्निश, व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, व्हाइट वायनडॉट आणि व्हाइट प्लिमथ रॉक अशा पाच जाती त्यात मिसळल्या. १९२१ साली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला मान्यता दिली. तुरा उशीसारखा गुबगुबीत नि छोटा, कल्ले जवळजवळ नाहीतच. मिळाली तर डोळे मिटून घ्या. अडचण एकच, सहज मिळत नाही.

तुमच्या यादीतून मी वायनडॉट निवडेन. वर्षाला दोनशेच्या आसपास अंडी, वजन तीन किलोच्या जवळपास, पिसं दाट.

लेगहॉर्नप्रेमी

हरकत! लेगहॉर्नला इतकं झोडपू नका. वर्षाला २८०-३०० पांढरीशुभ्र अंडी देते आणि दोन किलोचा पक्षी असल्याने दाणाही कमी खाते. शिवाय लेगहॉर्नमध्ये गुलाब तुऱ्याचाही प्रकार आहे, तो कुणी शोधायला जात नाही ही गोष्ट वेगळी.

खुराडेकर

आहे, मान्य. पण दोन किलोचं, घट्ट अंगाचं पाखरू तीन किलोच्या फुललेल्या पाखराइतकी ऊब धरत नाही, त्याचं काय? लहान शरीराला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, त्यामुळे उष्णता लवकर जाते. बँटम म्हणजे बुटक्या जाती थंडीत म्हणूनच कुडकुडतात. लेगहॉर्न मरणार नाही, पण थंडी काढायला जास्तीचा दाणा खाईल आणि तुमची ती बचत तिथेच संपेल.

पहाटवारा

इथे दोन वेगळ्या गोष्टींची भेळ होतेय. थंडी सोसणं हा एक प्रश्न आणि हिवाळ्यात अंडी देणं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्याच अंशी जातीत आहे. दुसऱ्याचं उत्तर उजेडात आणि कोंबडीच्या वयात आहे.

कोंबडीला दिवस किती मोठा आहे हे नुसतं डोळ्यांनी कळत नाही. उजेड कवटीतून आत झिरपतो आणि मेंदूतल्या प्रकाश ओळखणाऱ्या पेशींपर्यंत पोचतो. तिथून संप्रेरकांची साखळी सुरू होऊन अंडाशय कामाला लागतं. दिवस चौदा-सोळा तासांचा असला की काम जोरात. तो बारा तासांच्या खाली घसरला की मंदावतं, बऱ्याच जणींचं थांबतंच. बाहेर थंडी असो वा नसो. म्हणून 'थंडीमुळे अंडी बंद झाली' ही तक्रार पुष्कळदा चुकीच्या आरोपीवर असते.

त्यातच पिसं झडायचा काळ येतो. साधारण दीड वर्षाची कोंबडी शरद ऋतूत पिसं टाकते आणि नवी आणते. पिसात ८५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. सगळी प्रथिनं तिकडे वळल्यावर अंड्याला उरणार काय? दोन-तीन महिने सुट्टी धरून चाला.

पण पहिल्या वर्षाच्या तलंगा, म्हणजे नुकत्याच अंड्यावर येणाऱ्या तरुण कोंबड्या, यातून सुटतात. त्या वसंतात जन्मलेल्या असल्या तर शरदात अंड्यावर येतात आणि पहिला हिवाळा जास्तीच्या उजेडाशिवायही बऱ्यापैकी काढतात. लेगहॉर्नसारख्या हलक्या जाती १८ ते २२ आठवड्यांत अंड्यावर येतात. वायनडॉट, ऑर्पिंग्टन यांना सहा-सात महिने लागतात, ब्रह्माला त्याहूनही जास्त. आता मागे मोजा. जड जातीची पिल्लं उन्हाळा संपताना आणली, तर त्यांची वयात यायची वेळ नेमकी सगळ्यात लहान दिवसांत येणार. मग त्या पुढच्या वसंतापर्यंत तुमच्याकडे नुसत्या बघत बसतील.

जात कोणतीही घ्या, पिल्लं लवकर आणा. माझ्या मते जातीइतकंच वजन या एका गोष्टीला आहे.

शंकासूर

+१. मग आत बल्ब लावून दिवस लांबवला तर? काही लोक म्हणतात कोंबडीचं आयुष्य त्यामुळे घटतं.

पहाटवारा

दिवा लावलात तर चौदा तास पुरे, सोळाच्या वर कधीच नको. एकदम न वाढवता आठवड्याला अर्धा-पाऊण तास अशी वाढ करा. आणि जास्तीचा उजेड पहाटे द्या, संध्याकाळी नको. संध्याकाळी दिवा अचानक विझला की कोंबड्या जमिनीवरच अडकतात, अंधारात त्यांना दांडीवर चढता येत नाही. पहाटे लावला तर संध्याकाळ नैसर्गिकच राहते. टायमर हवाच. एक दिवस लावायचा, दोन दिवस विसरायचं असं केलं तर अवेळी पिसं झडतात. उजेड फार लागत नाही, दाण्याच्या भांड्याशी छापील मजकूर वाचता आला की झालं.

आयुष्याबद्दल म्हणाल, तर घरापुरत्या कोंबड्यांना हिवाळ्यात विश्रांती देणं मला आवडतं. नियम म्हणून नाही सांगत, आवड म्हणून सांगतोय.

अंडेवाली मावशी

बाळांनो, उजेडाचा दिवा आणि उष्णतेचा दिवा यांत गल्लत करू नका हो. उबेसाठी लावलेले ते लाल दिवे म्हणजे वाळलेल्या भुशावर टांगलेला विस्तव. कोंबडी उडाली, साखळी निसटली, की गेलं खुराडं. मोठ्या धडधाकट कोंबडीला पिसं पूर्ण आलेली असताना त्याची गरजच नसते. आणि रोज उबेत झोपलेल्या कोंबडीला वीज गेल्यावर एकदम गारठा झेपत नाही, ते वेगळंच.

पिल्लांचं निराळं. त्यांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश लागतातच, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं.

आता खुराड्याबद्दल. सगळ्या फटी बुजवून, कापडं ठासून, घर 'गरम' करायला जाऊ नका. रात्रभर कोंबड्यांचा श्वास आणि विष्ठा यातून किती दमटपणा येतो! सकाळी दार उघडल्यावर खिडकीच्या काचेवर आतून दव किंवा बर्फाची नक्षी दिसली, नाकाला अमोनिया झोंबला, तर हवा कोंडलीय हे नक्की. कोरड्या हवेत शून्याखाली दहा अंशही कोंबडी निभावते. दमट हवेत शून्याच्या थोडं खाली गेलं तरी तुरा काळा पडतो. झरोके वर, छताजवळ ठेवा, म्हणजे दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्याच्याही वर. ओल बाहेर जाईल आणि वाऱ्याचा झोत अंगावर येणार नाही.

दांडी गोल, बारीक नको. रुंद फळी आडवी लावा, चार बोटं रुंद तरी हवी. मग कोंबडी बसली की पोटाची पिसं थेट पंजावर येतात आणि बोटं झाकली जातात. खाली कोरड्या भुशाची जाड गादी करा, टीचभर तरी. अधूनमधून हलवत राहा, वर नवा भुसा घालत राहा. खालचा थर कुजताना थोडी ऊबही देतो.

हिवाळवाट

मावशी, दंडवत! झरोक्यांचं डोक्यातच नव्हतं, उलट मी थर्माकोल लावायच्या तयारीत होतो.

ब्रह्माबद्दल कुणी नीट सांगेल का? फोटोत फारच राजेशाही दिसते.

दाणापाणी

दिसतेच. ब्रह्मा आम्ही पाळतो, म्हणून जरा सविस्तर.

चांगलं आधी. वाटाणा तुरा, पिसांचा भारी साज, कोंबडीच चार किलोच्या पुढे. हिमात निवांत हिंडते. स्वभावाने इतकी थंड की लहान मुलं उचलून घेतात. आणि इतर जाती ढेपाळतात तेव्हा ब्रह्मा अंडी देत राहते, असं तिचं जुनं नाव आहे. आमचा अनुभव त्याला धरूनच आहे.

आता दुसरी बाजू. वर्षाचा आकडा दीडशेच्या आसपासच. अंड्यावर यायला उशीर, खाणं दणदणीत. आणि पायांवरची पिसं! कोरड्या बर्फात काही होत नाही, पण बर्फ वितळून चिखल झाला, मग रात्री पुन्हा गोठला, की बोटांमधल्या पिसांना सुपारीएवढे गोळे लटकतात. कोंबडी पाय झाडत, अडखळत चालते. ते गोळे ओढून काढायचे नाहीत, पिसं मुळासकट निघून रक्त येतं. कोमट पाण्यात पाय धरून विरघळवायचे आणि पूर्ण कोरडे करूनच परत सोडायचं. एका संध्याकाळी चार कोंबड्यांचे आठ पाय पुसून बघा, मग राजेशाही थाट कळतो.

कोरडी थंडी असेल तर ब्रह्मा घ्या. चिखल-बर्फाचा खेळ रोज चालत असेल तर उघड्या पायांची जात बरी. कोचीनचंही तेच, वर ती सारखी खुडूक बसते, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसते. सिल्कीचा तर विचारच नको. तिच्या पिसांचे तंतू एकमेकांत गुंतत नाहीत, त्यामुळे पाणीही अडत नाही आणि ऊबही धड राहत नाही. पोलिशच्या डोक्यावरचा पिसांचा झुबकाही ओला होऊन गोठतो.

शंकासूर

आणि संकरित? आयएसए ब्राउन, लोहमन ब्राउन वगैरे? पहिल्या वर्षी तीनशेच्या वर अंडी म्हणतात. या शुद्ध जातींचा एवढा लाड कशाला?

खुराडेकर

आकडा खरा आहे. फक्त अंडी आणि तीही लगेच हवी असतील तर त्यांना तोड नाही. थंडीतही टिकतात, तुरा एकेरी असला तरी लेगहॉर्नइतका अवाढव्य नसतो. पण अंगात येईल ते सगळं अंड्यात ओततात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आकडा झपाट्याने उतरतो आणि अंडाशयाची दुखणीही या पक्ष्यांत जास्त दिसतात. त्यांची पिल्लं काढली तर ती आईसारखी निघत नाहीत, दर वेळी नवे पक्षी आणावे लागतात. दोन-तीन वर्षांनी कोंबड्या बदलायची तयारी असेल तर जरूर घ्या. हिवाळवाट यांच्या घरी त्यांना नावं ठेवली जाणार असं मला वाटतंय, तिथे हे अवघड जातं.

हिवाळवाट

नावं आधीच ठरलीत :)

लेगहॉर्नप्रेमी

बरं, लेगहॉर्न नको तर नको. पण ऑस्ट्रॅलॉर्पवर कुणीच बोललं नाही! ब्लॅक ऑर्पिंग्टनपासून ऑस्ट्रेलियात तयार झालेली जात. १९२२-२३ मध्ये तिथल्या अंडी स्पर्धेत सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिली. सरासरी ३०९.५, तेही वाढीव उजेड न लावता. पुढे एका कोंबडीने ३६५ दिवसांत ३६४ अंडी दिल्याचीही नोंद आहे.

पहाटवारा

विक्रम झकास आहे, पण घरात तो आकडा धरून बसू नका. एक अंडं तयार व्हायलाच २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसत्या कवचाला. रोज थोडं थोडं पुढे सरकत शेवटी एक दिवस सुटतोच. घरच्या ऑस्ट्रॅलॉर्पकडून अडीचशे मिळाली तरी उत्तम. तुरा एकेरी पण मध्यम, अंग भारी, स्वभाव शांत. हवा खेळती असेल तर तुमच्या थंडीत चालेल. ऱ्होड आयलंड रेडही साधारण याच पंगतीत बसते, जरा तापट असते इतकंच. रेडमध्ये गुलाब तुऱ्याचा प्रकार आहे. दोन्ही मिळत असतील तर तोच मागा, बाकी पक्षी तोच.

खुराडेकर

यावरून आठवलं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची प्लिमथ रॉक आणि डॉमिनिक लांबून जुळ्या वाटतात. तुरा एकेरी असेल तर प्लिमथ रॉक, गुलाब असेल तर डॉमिनिक. विकणाऱ्यालाही कधी कधी माहीत नसतं.

अवांतर: गुलाब आणि वाटाणा तुऱ्याच्या शुद्ध पक्ष्यांची जोडी लावली तर पिल्लांना दोन्हींहून वेगळा, अक्रोडासारखा तुरा येतो. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच दाखवलं होतं.

हिवाळवाट

हे भारीच! कोंबड्याचं काय करू? आणि तुऱ्याला व्हॅसलीन लावतात म्हणे, खरंच उपयोग होतो का?

अंडेवाली मावशी

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लं काढायची असतील तरच ठेवा. आणि ठेवलात तर बसक्या तुऱ्याचाच. कोंबडी झोपताना डोकं पंखाखाली घालते, कोंबडा बऱ्याचदा तसा झोपत नाही. शिवाय त्याचा तुरा मोठा. त्यामुळे हिमदंश आधी त्यालाच होतो, आणि तो बरा होईपर्यंत अंडी फळत नाहीत असंही होतं.

व्हॅसलीनवर एकमत नाही. कुणी शपथ घेऊन सांगतं, कुणी म्हणतं वाया. दमट खुराड्यात व्हॅसलीनने काही साधत नाही हे मात्र मी बघितलंय. हिमदंश झालाच तर चोळू नका, शेक देऊ नका, काळा पडलेला भाग खुडू नका. तो खालच्या जखमेवर झाकण असतो. सूज वाढली, पाणी सुटलं, वास आला तर पशुवैद्याला दाखवा.

दाणापाणी

माझ्या नावाला जागून दोन शब्द. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. भांडं सकाळी गोठलं आणि दुपारपर्यंत तसंच राहिलं की दुसऱ्या दिवशीच्या अंड्यावर परिणाम दिसतो, जात कितीही काटक असो. रबराची खोलगट टोपली ठेवा. बर्फ झाला की उलटी करून ठोकायची, अख्खी चकती बाहेर पडते. पत्र्याचं भांडं तसं ठोकलं की चेपतं. आणि पाणी आत ठेवत असाल तर सांडू देऊ नका, मावशींनी सांगितलेली ओल तिथूनही येते.

खाद्य लेअरचंच, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, १६ ते १८ टक्के प्रथिनांचं. एरवी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खातात, थंडीत जास्त. संध्याकाळी मूठभर अख्खे दाणे टाकायला हरकत नाही, रात्री पचताना ऊब देतात. पण मक्यावरच पोट भरलं तर प्रथिनं कमी पडतात आणि चरबी चढते. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तसा खातात.

अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा. गोठलं की अंडं फुगून तडकतं.

हिवाळवाट

सगळं वाचून असं ठरवलंय: चार वायनडॉट, तीन ऑस्ट्रॅलॉर्प आणि निळ्या अंड्यांच्या हौसेपायी दोन अमेराकाना. कोंबडा नाही. पिल्लं वसंताच्या सुरुवातीलाच आणणार. पहिला हिवाळा दिव्याशिवाय. आमच्याकडे दुपारी बर्फ वितळून चिखल होतोच, म्हणून ब्रह्मावर जड मनाने फुली मारली.

एकच शंका. पहिला हिवाळा तलंगांवर निघेल. दुसऱ्या हिवाळ्यात सगळ्याच पिसं टाकून बसल्या तर?

पहाटवारा

बसतीलच. म्हणून दुसऱ्या वसंतात दोन-तीन नवी पिल्लं वाढवा, शरदात त्या अंड्यावर येतील आणि जुन्या विश्रांती घेतील. तेवढी जागा आतापासूनच धरा, आत एका कोंबडीला चार चौरस फूट तरी हवेत, हिवाळ्यात त्या फारशा बाहेर पडत नाहीत.

अंडेवाली मावशी

आणि नव्या पोरी एकदम आत सोडू नका. तीन-चार आठवडे वेगळ्या ठेवा, रोगराई नाही ना ते कळेल. नंतर जाळीआडून काही दिवस तोंडओळख होऊ द्या. अंगाने जुन्यांच्या जवळपास आल्या की मगच एकत्र करा, आणि दाण्याची भांडी दोन ठेवा, नाहीतर थोरल्या त्यांना फिरकू देणार नाहीत.

शंकासूर

अमेराकाना म्हणून विकत घेताना जरा जपून बरं का. निळ्या-हिरव्या अंड्यांचे मिश्र पक्षी सर्रास त्याच नावाने खपवतात. अंडी तीही देतात, तुराही बहुधा वाटाणाच असतो, पण रंग काय निघेल ते पहिलं अंडं पडेपर्यंत कळत नाही.

हिवाळवाट

चालेल, हिरवं निघालं तरी खाणार आम्हीच. नोंद केली, आधी झरोके पाडायला घेतो.